सॉरीसाहेबांना राग येईना

राग आवरला नाही म्हणून नोकरी गेलेली माणसं पुष्कळ सापडतील. पण राग येत नाही म्हणून एखाद्याची नोकरी धोक्यात आली असं सांगितलं, तर तुम्ही म्हणाल, काहीतरीच काय. सॉरीसाहेबांच्या बाबतीत मात्र अगदी असंच झालं, आणि ते होत असताना इमारतीतल्या झाडून सगळ्यांनी आपापले हात धुऊन घेतले.

सॉरीसाहेब कपडे धुण्याची मशिनं बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात होते. नाव ऑफिसनंच ठेवलेलं. दिवसभर फोनवर लोकांची बोलणी खायची, समोरचा दम घ्यायला थांबला की मऊ आवाजात ‘आपली अडचण मी समजू शकतो’ म्हणायचं, हे त्यांचं काम. आणि त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मशीननं नवाकोरा कोट खाल्ला म्हणून तांडव करणारं गिऱ्हाईक शेवटी साहेबांच्या तब्येतीची चौकशी करून फोन ठेवायचं. अशी माणसं कंपन्यांनी खरं तर काचेच्या कपाटात जपून ठेवावीत. पण कंपनीच ती. तिनं ठरवलं की तक्रार विभाग उचलून लांबच्या एका गावी गोदामाशेजारी न्यायचा. इथे राहणार फक्त परदेशी ग्राहकांचा कक्ष, आणि त्यात बसायचं तर इंग्रजी संभाषणाच्या परीक्षेचं प्रमाणपत्र पाहिजे, तेही महिनाअखेरच्या आत. नाहीतर गुंडाळा बिछाना. बायकोची रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी, मुलगी बारावीला, म्हणजे गेलेच तर साहेब एकटेच जाणार. तिथली राहायची खोली पाहून आलेला एक सहकारी सांगत होता की खिडकी उघडली की समोर खोक्यांची भिंत दिसते, बाकी हवा चांगली आहे.

तर साहेबांनी क्लास लावला. इंग्रजी त्यांचं वाईट नव्हतं, पण सगळं दिलगिरीचं. माफी मागायची झाली तर ते सहज अर्धा तास मागू शकत. क्लासच्या मॅडम, वयानं त्यांच्या मुलीपेक्षा जेमतेम मोठ्या, पहिल्याच सराव परीक्षेत म्हणाल्या, अलीकडे तुम्हाला फार वाईट वाटलं असा एक प्रसंग सांगा. साहेब म्हणाले, आय वॉज सॅड. मग मॅडम वाट बघताहेत असं पाहून म्हणाले, व्हेरी सॅड. आणखी थोडं थांबून त्यांनी ‘सॉरी’ म्हटलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. ‘सॅड’ आणि ‘अँग्री’ हे शब्द रंगीत खडू वापरणाऱ्या मुलांसाठी असतात, त्यांनी परीक्षकाला झोप येते आणि मार्क पडत नाहीत, असं त्यांनी समजावलं, आणि एक छापील तक्ता दिला. तक्त्यावर नकारात्मक भावनांचे जिने होते. रागाच्या जिन्यात तळाला ‘ॲनॉइड’, वर ‘एक्झास्परेटेड’, त्याच्यावर ‘इन्फ्युरिएटेड’, आणि अगदी गच्चीवर ‘लिव्हिड’. दुःखाचा जिना वेगळा, तो ‘डाउनकास्ट’पासून निघून ‘डिस्पॉन्डन्ट’वरून ‘हार्टब्रोकन’पर्यंत जात होता. धड इकडे ना तिकडे अशा भावनांना कोपऱ्यात जागा होती. शब्द नुसते पाठ करून भागणार नाही, मॅडमनी बजावलं. घोकलेलं परीक्षकाला लगेच कळतं. प्रत्येक शब्दामागे तुमचा स्वतःचा एकेक खराखुरा प्रसंग हवा. पुढच्या वेळी प्रसंग घेऊन या.

आता आली का पंचाईत. साहेबांनी बसमध्ये बसून सगळा जन्म उलटापालटा केला, पण एकही प्रसंग हाती लागेना. राग आला नव्हता असं नाही, पण तो तोंडापर्यंत येईपर्यंत त्याची दिलगिरी झालेली असायची. शेवटी त्यांना आठवलं की शिंप्यानं त्यांच्या नव्या विजारीचा एक पाय आखूड शिवलाय. हे बरं सापडलं. संध्याकाळी ते खास ‘लिव्हिड’ व्हायला म्हणून शिंप्याकडे गेले. शिंप्यानं विजार उलटीसुलटी केली आणि म्हणाला, विजार बरोबर आहे, तुमचा पायच एक लांब आहे. अर्ध्या तासानं साहेब परत आले ते आपल्या पायाबद्दल माफी मागून, आणि दुसऱ्या विजारीचं माप देऊन.

मध्येच परीक्षेच्या नावनोंदणीनं वेगळाच घोळ घातला. फोटोत चेहऱ्यावर कोणताही भाव नसावा, असा नियम. साहेबांचा फोटो परत आला, दुसरा काढला तोही परत आला, कारण दर वेळी ते हसत होते. मी हसत नाही, माझं तोंडच असं आहे, हे संगणकाला कोण समजावणार? फोटोग्राफर वैतागला. म्हणाला, काहीतरी वाईट आठवा बरं. साहेबांनी बदली आठवली, गोदाम आठवलं, ती खोक्यांची भिंत डोळ्यांपुढे आणली, आणि हसू आणखीच रुंद झालं. बरोबरच आहे, प्रकरण जितकं वाईट, तितकं हसू मोठं, हीच तर आजवरची रोजीरोटी. अखेर त्यांना शिंक येता येता राहिली, त्या क्षणाचा फोटो मंजूर झाला. तो पाहून त्यांची मुलगी म्हणाली, बाबा, हे कोण?

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण इमारतीत वरच्या मजल्यावर मॅनेजरकाका राहत, बँकेतून निवृत्त झालेले आणि तेव्हापासून सगळ्यांच्या कामात कार्यरत असलेले. त्यांना जिन्यात हे सगळं कळलं. ‘बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही,’ ते म्हणाले, आणि काही काळजी करू नको, प्रसंग मी पुरवतो, असा शब्द देऊन वर गेले.

काका शब्दाला पक्के, हेच वाईट. दुसऱ्या दिवसापासून साहेबांच्या स्कूटरच्या बरोबर मागे काकांची गाडी आडवी लागायला लागली. वर्तमानपत्र आधी काकांकडे जाऊन, शब्दकोडं सोडवलेल्या अवस्थेत खाली येऊ लागलं. भल्या सकाळी साहेबांच्या डोक्यावरच्या खोलीत पलंग इकडून तिकडे आणि तिकडून इकडे ओढला जाऊ लागला, आणि मग काका गॅलरीतून वाकून विचारत, आज कुठवर चढलास? साहेब खालून आभार मानत. काकांना वाटे, अजून औषधाचा डोस कमी पडतोय; मग ते आणखी काहीतरी करत.

त्यात इमारतीच्या सेक्रेटरीबाईंनी तो तक्ता सगळ्यांच्या ग्रुपवर टाकला. हेतू चांगला होता, सगळ्यांनी साहेबांशी इंग्रजीत बोलावं एवढाच. पण झालं भलतंच. इतकी वर्षं ती इमारत ‘चालायचंच’ या एका शब्दावर सुखात चालली होती. पाणी आलं नाही, चालायचंच. लिफ्ट अडकली, चालायचंच. आता लोकांच्या हाती जिना आला, आणि प्रत्येकजण चढून बघायला लागला. तळमजल्यावरच्या बाईंना शोध लागला की पायपुसण्यांच्या प्रश्नावर आपण आजवर नुसत्या नाराज नसून ‘ॲपॉल्ड’ आहोत. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस इमारतीला कंटाळला होता, तो ‘डिसइल्यूजन्ड’ झाला आणि यायचाच बंद झाला. साहेबांची मुलगी गणिताचं पुस्तक मिटून सांगू लागली की ती ‘ओव्हरव्हेल्म्ड’ आहे, आणि तक्त्याप्रमाणे हे गणितापेक्षा वरच्या पायरीवर येतं. आणि हे सगळे लोक आपापली भावना घेऊन कुणाकडे येत? साहेबांकडे. सराव म्हणून. रोज संध्याकाळी दारात रांग. साहेब प्रत्येकाची अडचण समजून घेत, टाकीवाल्याला फोन करत, पायपुसण्यांचा समेट घडवत. इमारतीतल्या यच्चयावत माणसांना राग येऊ लागला, आणि ज्याच्यासाठी हा घाट घातला तो माणूस मात्र दिलगिरी व्यक्त करत बसला होता. हसावं की रडावं?

तक्त्याची एक प्रत स्वयंपाकघरात फ्रिजवर लावलेली होती. एका संध्याकाळी बायकोनं कणीक मळता मळता कोपऱ्यातल्या एका शब्दाकडे मान वळवली. ‘रिझेंटफुल म्हणजे काय हो?’

साहेबांनी मॅडमनी सांगितलेलं सांगितलं. राग यायच्या वेळी गिळला, पुन्हा आला, पुन्हा गिळला, असं वर्षानुवर्षं केलं की आत जे साचतं ते. बायकोनं पुन्हा एकदा तो शब्द वाचला आणि कणीक जरा जास्तच जोरात मळली. साहेब ‘यालाही प्रसंग पाहिजे’ असं पुटपुटत बाहेर गेले. आता अशा माणसाला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

परीक्षेचा दिवस उजाडला. दारावरच्या रखवालदारानं फोटो पाहिला, साहेबांकडे पाहिलं, आणि हा मनुष्य तुमच्यापेक्षा गंभीर दिसतो म्हणून बराच वेळ अडवून धरलं. आत एक लहानशी खोली, टेबल, आवाज टिपणारं यंत्र, आणि समोर उतारवयाचे एक परीक्षक, डाव्या खांद्यावर टॉवेल टाकून बसलेले. त्यांनी कार्ड पुढे सरकवलं. तुम्ही एखाद्या गोष्टीबद्दल तक्रार केली आणि समाधान झालं नाही, असा प्रसंग सांगा.

नेमका हाच प्रश्न. साहेबांनी शिंप्याचा प्रसंग तयार ठेवला होता. त्यात स्वतःला चांगलं दोन पायऱ्या वर चढवलं होतं, माफीचा भाग गाळून. ते बोलायला लागले, विजारीपर्यंत आलेही, तेवढ्यात वरच्या एसीतून टप्पकन थेंब पडला आणि परीक्षक आक्रसले. साहेबांनी पुढचं वाक्य घेतलं. टप्प. परीक्षकांनी टॉवेल सारखा केला.

बस. वळण पडलेलं ते पडलेलं. साहेबांचा आवाज आपोआप मऊ झाला आणि त्यांनी अस्खलित इंग्रजीत विचारलं की सर, आपली काही गैरसोय होत आहे का? परीक्षक आधी नाही म्हणाले. मग म्हणाले, तसं विचारताच आहात म्हणून सांगतो. आणि सुरू झाले. कितीतरी दिवस ते त्या थेंबाखाली बसत होते. देखभालवाले येतात, वर बघतात, जातात. वरिष्ठ म्हणतात खुर्ची सरकवा. खुर्ची सरकवली की यंत्रात आवाज येत नाही. ते ‘एक्झास्परेटेड’ होते, हळूहळू ‘इन्फ्युरिएटेड’ झाले होते, आणि मागच्या आठवड्यात खांदा धरला तेव्हापासून निव्वळ ‘लिव्हिड’ होते. प्रत्येक शब्द जागच्या जागी आणि प्रत्येकामागे स्वतःचा खराखुरा प्रसंग. साहेब मनापासून ऐकत होते. मध्ये मध्ये ‘मी समजू शकतो’ म्हणत होते. एसीचा मेक विचारून त्यांनी सांगितलं की पाण्याची नळी तुंबली असणार, फुंकर मारून साफ होते. परीक्षकांचे डोळे भरून आले. घंटा झाली, आणि मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं की परीक्षा कुणाची होती.

यंत्रात सगळं टिपलं गेलेलं असल्यामुळे लपवालपवीची सोय नव्हती. दोन दिवसांनी संध्याकाळी केंद्राकडून संदेश आला की तांत्रिक कारणानं आपली परीक्षा ग्राह्य धरता येत नाही, पुन्हा विनामूल्य घेऊ, तारीख पुढच्या महिन्यातली. पुढच्या महिन्यातली. म्हणजे तोवर कंपनीची मुदत संपून साहेब खोक्यांच्या भिंतीसमोर जाऊन बसलेले असणार. साहेबांनी तो संदेश दोनदा वाचला. चष्मा पुसला. मग टेबलाशी बसून उत्तर टाइप करायला घेतलं. बायको मागे येऊन उभी राहिली.

‘काय लिहिताय?’

‘पोच देतोय. त्यांनी तत्परतेनं कळवलं म्हणून.’

‘त्यांनी तुमची परीक्षा बुडवली. आणि तुम्ही त्यांचे आभार मानताय?’

साहेब म्हणाले, त्यांचीही काही अडचण असेल. बायकोनं आत जाऊन गॅस बंद केला आणि परत आली. तिचा चेहरा पाहून साहेबांनी सवयीनं सुरुवात केली, की तुझी अडचण मी—

‘नाही,’ ती म्हणाली. ‘माझी तक्रार नोंदवून घेऊ नका. लग्न झाल्यापासून तेच करताय. मी भांडायला येते आणि तुम्ही नोंद करून घेता. मला भांडायचंय हो. त्याला समोर माणूस लागतो. तुम्ही जाल त्या गावाला, हसत हसत जाल, आणि आम्ही दोघी मागे राहणार याचं तुम्हाला काही वाटलं की नाही, ते मला मरेपर्यंत कळणार नाही.’

साहेब हसत होते, ते हसू तसंच तोंडावर राहिलं होतं. मग ते कधी गेलं ते त्यांनाही कळलं नाही.

‘मला नाही जायचं,’ ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला. ‘मला त्या गावाचं नावसुद्धा नको. रात्री कुणाशी बोलू मी तिथे? भिंतीशी? आणि तू तरी कधी म्हणालीस, जाऊ नका म्हणून? कोणती बॅग नेणार ते विचारलंस. बॅग!’

‘कारण तुम्ही विचारलंत चादरी किती लागतील.’

‘मग काय, रडू?’

‘रडा की. कोण नको म्हणालंय?’

आणि जुंपली. एकदा बांध फुटल्यावर पाणी कुठे कुठे जातं याला काही धरबंध नसतो. बॅगेवरून गाडी चादरींवर आली, चादरींवरून धुण्यावर. तेव्हा असं बाहेर आलं की घरातलं मशीन, खुद्द साहेबांच्याच कंपनीचं, कित्येक महिने बंद आहे, आणि आपल्याच विभागाला त्रास कशाला म्हणून साहेबांनी तक्रार केलेली नाही. तक्रार विभागातल्या माणसाची बायको बादलीत कपडे आपटतेय. साहेबांनी तिच्या भावाचा विषय काढला, तो येतो तेव्हा माझ्याच खुर्चीत बसतो आणि मला सल्ले देतो. ती म्हणाली, मग उठवायचं त्याला. तक्त्यावरचा एकही शब्द कुणी वापरला नाही, कुणाला आठवलाही नाही. मुलीनं दार उघडून पाहिलं आणि बाबा टेबलावर हात आपटताहेत हे बघून ते अलगद लावून घेतलं. मॅनेजरकाका नवा प्रसंग सुचवायला खाली आले होते, ते दारातूनच परत गेले.

त्याच तिरीमिरीत बायकोनं फोन साहेबांच्या हातात दिला. लावा आत्ता. केंद्राच्या मदतक्रमांकावर एका मऊ आवाजाच्या माणसानं फोन उचलला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, सर, आपली अडचण मी समजू शकतो.

‘नाही समजू शकत,’ सॉरीसाहेब म्हणाले. ‘तुम्ही नुसतं म्हणताय. हे वाक्य तुम्ही वापरता तसं मीही वापरतो, त्याच्या आत काय असतं ते मला माहीत आहे. आता तुम्ही मला होल्डवर टाकाल आणि चहाचा घोट घ्याल. मग शेजारच्या खुर्चीतल्या मित्राला वरिष्ठ म्हणून फोनवर आणाल. ते काही नको. कुठल्याही ऑफिसात एखाददुसरी तारीख बाजूला काढून ठेवलेली असते. ती मला द्या. माझं घर मोडायला आलंय.’

पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तो माणूस म्हणाला, शुक्रवार चालेल का? आणि आवाज खाली करून त्यानं विचारलं की सर, तुम्ही कोणत्या कंपनीत आहात, तुमच्याकडे जागा आहे का.

शुक्रवारी परीक्षक बाई होत्या आणि एसी कोरडा होता. साहेब तयारीत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याजवळ मुबलक राग होता, ताजा, घरचा. बाईंनी कार्ड पुढे केलं. तुम्ही अतिशय आनंदात होता, अशा एका दिवसाबद्दल सांगा.

घ्या. आनंदाचा तक्ता मॅडम पुढच्या आठवड्यात देणार होत्या. साहेबांनी कार्ड उलटं करून पाहिलं, मागे काही नव्हतं. विचार करायला मिळणारा वेळ संपत आला. डोक्यात आनंदाचा म्हणून एकच दिवस येत होता, आणि तो इतका भलता होता की त्यांनी तो दोनदा परतवून लावला. पण तो काही जाईना. शेवटी साहेबांनी तोंड उघडलं आणि सांगितलं की याच आठवड्यात एका संध्याकाळी माझं माझ्या बायकोशी भांडण झालं.

मग ते बोलतच गेले. बायको ‘रिझेंटफुल’ होती, आणि का होती तेही त्यांनी सांगितलं, काही न गाळता. आपण ‘डिस्पॉन्डन्ट’ होतो आणि हसत होतो. ती ‘लिव्हिड’ झाली, मग आपण झालो. बादली आली, मेहुणा आला, खुर्ची आली. शब्द शोधावा लागत नव्हता, प्रसंगाला चिकटून येत होता. बाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. नियमाप्रमाणे त्यांना मध्ये बोलता येत नव्हतं, म्हणून त्या शेवटपर्यंत थांबल्या आणि मग म्हणाल्या, कार्डावर आनंदाचा दिवस असं लिहिलंय, हे तुम्ही वाचलंत ना?

साहेब म्हणाले, वाचलं. बायको इतकी वर्षं मला शोधत होती, त्या संध्याकाळी मी तिला सापडलो. यासाठी मोठा शब्द मला येत नाही.

बाईंनी पेन थांबवलं. पुढचा प्रश्न बहुधा यादीतला नव्हता. त्यांनी विचारलं, मग मिटलं का भांडण?

‘नाही,’ सॉरीसाहेब म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा काही खुलला की बाईही हसल्या. ‘अजून चालू आहे.’

मार्क पुरेसे पडले आणि बदली टळली, पण ते नंतर कळलं. त्या वेळी साहेबांना त्याचा विचार करायला सवड नव्हती. ते जवळजवळ पळतच बसकडे निघाले होते, कारण सकाळी मेहुण्याचा विषय ऐन रंगात आला असताना बायकोला लॅबमध्ये जावं लागलं होतं, आणि ती आता घरी पोचली असेल.